पंचगंगेचा आमदार कोण? पर्यावरण कार्यकर्ते, छोटे पक्ष आणि मतांचं गणित

पावसाळा सरला की पंचगंगेवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घातले जातात. पाणी अडतं, प्रवाह मंदावतो. त्याच सुमाराला साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू होतो. मग एखाद्या सकाळी बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाण्यावर फेस दिसतो, बरग्यांना टेकून मेलेले मासे तरंगत असतात आणि गावातला एखादा कार्यकर्ता फोन फिरवायला लागतो. पहिला फोन प्रदूषण नियंत्रण मंडळाला, दुसरा पत्रकाराला. अधिकारी येतात. कॅनमध्ये पाण्याचे नमुने भरतात, कॅनला लेबल लागतं, सील होतं, पंचांच्या सह्या होतात. नोटीस निघते. चार दिवसांनी धरणातून पाणी सुटतं, फेस पुढच्या गावाला जातो आणि विषय तिथंच थांबतो.

असं वर्षानुवर्षं करणाऱ्या माणसाला कधीतरी वाटतंच की दारात उभं राहून निवेदनं देण्यापेक्षा आत जाऊन बसावं. मोठ्या पक्षात त्याला उमेदवारी मिळत नाही. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात राजकारणाचा कणा म्हणजे साखर कारखाना, दूध संघ आणि जिल्हा बँक. ज्यांच्या सांडपाण्याबद्दल तो बोलतो, त्यांच्याच गटातून तिकिटं ठरतात. म्हणून तो एखाद्या छोट्या पक्षात जातो, नाहीतर पाचपन्नास जणांना घेऊन आघाडी काढतो. निवडणूक होते, निकाल लागतो आणि चौकात एकच वाक्य ऐकू येतं, "डिपॉझिट गेलं की त्याचं!"

हे वाक्य मला फार लागतं. डिपॉझिट का जातं, कुणाचं जातं आणि ते गेल्यावर नक्की काय हरलं जातं, हे नीट समजून घेतलं तर आपण या माणसांकडे वेगळ्या नजरेनं बघू. त्यासाठी थोडे नियम, थोडा भूगोल आणि एका दूरच्या बेटाची हकिगत एवढं पुरेसं आहे.

पक्ष काढणं सोपं, चालवणं अवघड

आपल्याकडे पक्ष नोंदवण्याची तरतूद लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम २९-अ मध्ये आहे. पक्षाची घटना लागते, सदस्यांची यादी लागते, प्रतिज्ञापत्रं लागतात आणि स्थापनेपासून ३० दिवसांत अर्ज करावा लागतो. नोंदणी झाली की तो 'नोंदणीकृत पण मान्यता नसलेला' पक्ष होतो. देशात असे पक्ष हजारांनी आहेत. त्यांतले बरेच कागदावरच असतात, म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये निवडणूक आयोगानं त्यांतल्या ३३४ पक्षांना यादीतून काढलं. सहा वर्षं एकही निवडणूक न लढवणं हे त्यामागचं मुख्य कारण होतं.

मान्यता ही वेगळी गोष्ट. राज्य पक्ष म्हणून मान्यता मिळवायची तर एक मार्ग असा, की विधानसभेला राज्यातल्या वैध मतांपैकी किमान ६ टक्के मतं आणि २ आमदार हवेत. आणखीही मार्ग आहेत, पण एकाच जिल्ह्यात काम करणाऱ्या पक्षाला ते सगळेच दूरचे.

मान्यता नसल्याचा फटका कुठं बसतो ते बघा. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर एक सूचक पुरतो, बाकीच्यांना त्याच मतदारसंघातले १० सूचक लागतात. एखाद्याचा यादीतला अनुक्रमांक चुकला, एखाद्याची सही जुळली नाही, तर छाननीत अर्ज उडू शकतो. त्याहून मोठा फटका चिन्हाचा. मोठ्या पक्षाचं चिन्ह पिढ्यान्पिढ्या लोकांच्या डोळ्यांसमोर असतं. छोट्या पक्षाच्या वाट्याला आयोगाच्या मुक्त यादीतलं चिन्ह येतं, तेही बहुतेकदा माघारीची मुदत संपल्यावर. कायद्यानं माघार आणि मतदान यांच्यात किमान दोन आठवड्यांचं अंतर ठेवलं आहे, आणि प्रत्यक्षात फारसं जास्त मिळत नाही. तेवढ्या दिवसांत गगनबावड्याच्या वाडीवस्तीवरच्या म्हातारीला सांगायचं की आपला माणूस अमुक नावाचा, त्याचं चिन्ह अमुक, यंत्रावर ते अमुक नंबरला आहे. पुढच्या वेळी चिन्ह बदललं की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

खर्चाची मर्यादा महाराष्ट्रात विधानसभेला ४० लाख रुपये आणि लोकसभेला ९५ लाख. कागदावर ती सगळ्यांना सारखीच आहे. नदीसाठी झटणाऱ्या माणसाला मात्र त्या मर्यादेच्या दहाव्या हिश्शाची जुळणी करतानाही घाम फुटतो.

आता डिपॉझिट. विधानसभेला १० हजार रुपये, लोकसभेला २५ हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना निम्मं. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली तर ते परत मिळतं. म्हणजे साधारण १६.६७ टक्के. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे. एखाद्या मतदारसंघात २ लाख मतं पडली आणि आपल्या कार्यकर्त्याला ३० हजार मिळाली, तर कायद्याच्या हिशेबात तो डिपॉझिट वाचवू न शकलेला उमेदवार. ३० हजार माणसांनी घरातून निघून, रांगेत उभं राहून, बिनओळखीच्या चिन्हावर बोट ठेवलं, हे त्या हिशेबात कुठंच येत नाही.

नदी एक, मतदारसंघ अनेक

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती, त्यांच्या जोडीला लोकमानसातली गुप्त सरस्वती. या नद्या प्रयाग चिखलीजवळ एकत्र आल्या की पंचगंगा होते. तिथून नृसिंहवाडीला कृष्णेला मिळेपर्यंत तिची लांबी सुमारे ८० किलोमीटर. एवढ्या वाटेत ती करवीर, कोल्हापूर उत्तर, हातकणंगले, इचलकरंजी आणि शिरोळ या विधानसभा मतदारसंघांच्या गावांना आणि शहरांना लागून जाते. लोकसभेचं बघितलं तर तिचा वरचा भाग कोल्हापूर मतदारसंघात येतो आणि खालचा हातकणंगल्यात.

आता घाण कुठं होते आणि ती कोण पितो ते बघू. कोल्हापूर शहराचं सांडपाणी जयंती नाल्यातून आणि दुधाळी नाल्यातून नदीकडे येतं. कसबा बावड्यात रोज ७६ दशलक्ष लिटर क्षमतेचं प्रक्रिया केंद्र आहे, दुधाळीलाही आहे. तरी उपसा केंद्राचा पंप बंद पडला, बंधारा फुटला की नाला थेट नदीत जातो, हे शहरातल्या प्रत्येकाला माहीत आहे. पुढं कारखान्यांची मळी, औद्योगिक वसाहतींचं पाणी, त्यापुढं इचलकरंजीतल्या कापड प्रक्रिया उद्योगांचं रंगीत पाणी. हे सगळं घेऊन नदी शिरोळ तालुक्यात पोचते. उन्हाळ्यात तेरवाडच्या बंधाऱ्याजवळ उभं राहिलं की जलपर्णीखाली पाणी शोधावं लागतं. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, माणसं दगावली. त्या साथीची आठवण त्या शहरात अजून ताजी आहे.

म्हणजे पैसा खर्च करायचा तो वरच्या शहरानं आणि आराम पडायचा तो खालच्या गावांना. कोल्हापूर उत्तरमध्ये उभ्या राहिलेल्या उमेदवारानं "सांडपाणी केंद्रासाठी आधी निधी, मग रस्ते" असं म्हटलं, तर त्याचा फायदा होणारा मतदार शिरोळमध्ये आहे आणि त्याला मत देऊ शकणारा मतदार मंगळवार पेठेत. शिरोळमधून उभा राहिला तर लोक मनापासून ऐकतात, पण निवडून आला तरी कोल्हापूर महापालिकेच्या अंदाजपत्रकात तो एक रुपया हलवू शकत नाही. नदीच्या बाजूची मतं आहेत, भरपूर आहेत, पण ती ८० किलोमीटरभर पसरलेली आहेत. आणि आपली निवडणूक पद्धत एका जागी साठलेल्या मतांनाच मोल देते.

पश्चिमेकडच्या डोंगरात आणखी वेगळी अडचण. राधानगरी, शाहूवाडी, चंदगड भागात जंगल, बॉक्साइटच्या खाणी आणि पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र हा विषय गेली पंधरा वर्षं धुमसतो आहे. २०११ मध्ये माधव गाडगीळ समितीचा अहवाल आला, २०१३ मध्ये कस्तुरीरंगन गटाचा. २०१४ पासून केंद्रानं प्रारूप अधिसूचना काढायला सुरुवात केली आणि जुलै २०२४ मध्ये सहावी निघाली. तीत महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. गावोगाव मात्र गोष्ट पोचली ती "गाव उठणार, घर बांधता येणार नाही, जनावरं चारता येणार नाहीत" अशी. मुख्य निर्बंध खाणी, दगडखाणी, वाळू उपसा, औष्णिक वीज प्रकल्प, अतिप्रदूषणकारी उद्योग आणि मोठी बांधकामं यांच्यावर आहेत, हे सांगायला कुणी गेलंच नाही. अशा ठिकाणी पर्यावरणाचं नाव घेऊन उमेदवारी करणं म्हणजे आधी समजूत घालण्यात वर्षं घालवणं. नदीकाठी निदान लोकांना आजार दिसतो. डोंगरात भीती दिसते, आणि ती भीती खरी आहे, कारण अभयारण्य आणि धरणं या दोन्हींचे विस्थापित आपल्याच जिल्ह्यात आहेत.

टास्मानियात काय घडलं

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया नावाचं बेट आहे. राज्य म्हणून लोकसंख्या साधारण पावणेसहा लाख, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या आपल्या कोल्हापूर शहराएवढीच. १९७२ साली तिथं पेडर नावाचं सुंदर सरोवर वीज प्रकल्पासाठी बुडवलं गेलं. ते वाचवण्यासाठी त्याच वर्षी 'युनायटेड टास्मानिया ग्रुप' नावाचा पक्ष निघाला. जगातला पहिला हरित पक्ष म्हणून त्याची नोंद आहे. पहिल्या निवडणुकीत त्याला ४ टक्क्यांच्या आत मतं पडली आणि जागा एकही नाही. सरोवरही बुडालं.

त्याच सुमाराला बॉब ब्राउन नावाचा एक तरुण डॉक्टर तिथं दवाखाना चालवायला आला. १९७६ मध्ये तो रबरी होडीतून फ्रँकलिन नदीत उतरला. त्या नदीवर पुढं धरण होणार होतं. धरणाविरुद्ध चळवळ उभी राहिली. १९८१ मध्ये सरकारनं जनमत घेतलं, पण पर्याय दिले ते धरण इथं की तिथं एवढेच, 'धरण नको' हा पर्याय नव्हता. तरी तिसऱ्या हिश्शाच्या आसपास मतदारांनी मतपत्रिकेवर स्वतःच्या हातानं 'धरण नको' असं लिहिलं. डिसेंबर १९८२ पासून लोकांनी जंगलात जाऊन काम अडवलं, बाराशेहून अधिक जणांना अटक झाली, त्यांत ब्राउनही होते.

इथून पुढचं नीट बघा. ब्राउन १९८२ ची राज्याची निवडणूक अपक्ष लढून हरले होते. ते तुरुंगात असतानाच त्यांच्या मतदारसंघातल्या एका छोट्या पक्षाच्या आमदारानं राजीनामा दिला. टास्मानियात अशा वेळी पोटनिवडणूक होत नाही, जुन्याच मतपत्रिकांची फेरमोजणी होते. ज्यांनी त्या आमदाराला निवडून दिलं, त्यांची पुढची पसंती कुणाला होती ते बघतात. ती निघाली ब्राउन यांच्या नावावर. जानेवारी १९८३ मध्ये ते तुरुंगातून सुटले आणि दुसऱ्याच दिवशी आमदार झाले. १ जुलै १९८३ ला ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयानं ४ विरुद्ध ३ अशा निकालानं धरणाची वाट बंद केली. फ्रँकलिन आजही मोकळी वाहते.

पसंतीची मतं आपल्याला नवी नाहीत. पुणे विभागाच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघात आपण १, २, ३ असे क्रमांक लिहितो. विधानसभेचे आमदार राज्यसभेला आणि विधान परिषदेला मत देतात तेही याच रीतीनं. जिंकण्यासाठी किती मतं लागतात, त्याला कोटा म्हणतात. एकूण मतांना जागांच्या संख्येत एक मिळवून भागायचं आणि येणाऱ्या आकड्यात एक मिळवायचा. जागा एक असेल तर ८० हजार मतांत कोटा येतो ४०,००१. त्याच ८० हजारांत जागा सात असतील तर कोटा १०,००१, म्हणजे साडेबारा टक्के. टास्मानियात पाच मतदारसंघ होते आणि प्रत्येकातून सात आमदार.

आता मघाचा आकडा आठवा. १९८९ च्या निवडणुकीत ब्राउन आणि त्यांच्या हरित साथीदारांना राज्यात साधारण १७ टक्के मतं पडली. आमदार आले ३५ पैकी ५ आणि सरकार कुणाचं बनणार हे त्यांच्या हातात आलं. आपल्याकडे प्रत्येक मतदारसंघात सारखी १७ टक्के मतं मिळवणाऱ्या पक्षाला जवळपास काहीच मिळणार नाही. डिपॉझिट तेवढं परत मिळेल. तेवढीच मतं, तोच विषय, तशीच माणसं, आणि निकालात एवढं अंतर. त्या अंतराचा कार्यकर्त्याच्या लायकीशी काडीचा संबंध नाही.

मोठ्या पक्षांना हे कळत नव्हतं असं नाही. १९९८ मध्ये तिथल्या दोन्ही मोठ्या पक्षांनी मिळून सभागृह ३५ वरून २५ जागांचं केलं, प्रत्येक मतदारसंघातून पाच. कोटा साडेबारावरून १६.७ टक्क्यांवर गेला. हरित पक्षाची मतं ११ वरून १० टक्क्यांवर आली, म्हणजे जेमतेम एका टक्क्यानं घटली, पण आमदार ४ वरून १ वर आला. २०२४ ला पुन्हा ३५ जागा झाल्या आणि हरित आमदार पुन्हा ५ निवडून आले. जागांची रचना कशी केली, यावर इतकं अवलंबून असतं.

१९८९ नंतरचं सांगितलं नाही तर चित्र अपुरं राहील. हरित आमदारांनी मजूर पक्षाच्या सरकारला करार करून पाठिंबा दिला. जागतिक वारशाचं जंगल वाढवून घेतलं. पण लाकडाच्या चिपांच्या निर्यातीवरून १९९० मध्येच करार मोडला आणि १९९२ ला मजूर पक्ष आपटला. ब्राउन १९९६ मध्ये देशाच्या सिनेटमध्ये गेले आणि २०१२ पर्यंत तिथं होते. सिनेटची निवडणूकही बहुसदस्यीय, पसंतीच्या मतांची. एक सदस्य निवडणाऱ्या जागेवरून १९९३ मध्ये लढले तेव्हा तेसुद्धा हरले होते.

मग राजू शेट्टी कसे निवडून आले?

कुणीही कोल्हापूरकर इथं विचारेल. छोट्या पक्षाचा माणूस निवडून येत नाही म्हणता, तर शेट्टी दोनदा खासदार कसे झाले? प्रश्न रास्त आहे, आणि त्याच्या उत्तरातच नदीच्या कार्यकर्त्याची अडचण दिसते.

स्वाभिमानी शेतकरी संघटनेचे शेट्टी जिल्हा परिषदेतून पुढं आले, २००४ मध्ये शिरोळचे आमदार झाले, २००९ आणि २०१४ मध्ये हातकणंगल्याचे खासदार. त्यांचा विषय ऊसदर. उसाचा विषय प्रत्येक शिवारात आहे, रुपयांत मोजता येतो आणि दरवर्षी ठरलेल्या वेळी उभा राहतो. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत पहिल्या उचलीचा, म्हणजे ऊसबिलाच्या पहिल्या हप्त्याचा, आकडा जाहीर झाला की तो त्याच संध्याकाळी दूध डेअरीच्या कट्ट्यावर पोचलेला असतो. दुसरं म्हणजे शेतकऱ्याच्या हातात अडवण्यासारखं काहीतरी असतं. तोडी थांबवल्या, वाहनं अडवली, की कारखान्याला बोलणीला बसावं लागतं. आणि ऊस पट्टा एकसलग आहे. मतं एका जागी साठलेली आहेत. विनय कोरे यांच्या जनसुराज्य शक्ती पक्षाचंही तसंच, वारणा खोऱ्यातलं सहकाराचं जाळं एका भागात घट्ट आहे.

नदीच्या कार्यकर्त्याकडे यांतलं काय आहे? मासे मेल्याचं बिल कुणाच्या खात्यावर जमा होत नाही. काविळीची तारीख ठरलेली नसते. आणि अडवायचं म्हटलं तर नाला अडवून तो कुणाला बोलणीला बसवणार?

शेट्टींच्या पक्षालाही हे गणित चुकलेलं नाही. २००९ ला ते स्वबळावर जिंकले, २०१४ ला महायुतीबरोबर. सत्तेत वाटा म्हणून त्यांचे सहकारी सदाभाऊ खोत २०१६ मध्ये राज्यमंत्री झाले आणि वर्षभरात दोघांचं फाटलं. संघटनेतून खोतांची हकालपट्टी झाली, त्यांनी वेगळी रयत क्रांती संघटना काढली, शेट्टी आघाडीतून बाहेर पडले. २०१९ ला काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबर लढून ते ९६ हजारांच्या फरकानं हरले. त्या निवडणुकीत वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला सव्वा लाखाच्या आसपास मतं होती. एका छोट्या पक्षाची वाट दुसऱ्या छोट्या पक्षानं अरुंद केली. २०२४ ला शेट्टी पुन्हा स्वबळावर लढले. ठाकरे गटाच्या मशाल चिन्हावर लढण्याचा विषय निघाला होता, तो जुळला नाही. त्यांना १ लाख ८० हजारांच्या आसपास मतं मिळाली आणि ते तिसरे आले. पहिल्या दोघांत अंतर होतं साधारण १३ हजारांचं. दोन वेळा खासदार राहिलेल्या नेत्याची मतं एक षष्ठांशाच्या खाली गेली, पण कोण जिंकणार हे ठरवू शकेल एवढी ती होती.

मेधा पाटकर २०१४ मध्ये मुंबईत ईशान्य मतदारसंघातून आम आदमी पक्षाच्या चिन्हावर लढल्या. देशभर नाव, आयुष्यभराचं काम. ७६ हजारांच्या आसपास मतं आणि तिसरा क्रमांक. नर्मदेच्या खोऱ्यातले लोक मुंबईत मत देऊ शकत नव्हते.

जागा न जिंकता काय मिळतं

शहरातल्या रस्त्यांवरच्या टोलविरुद्धचं कोल्हापूरचं आंदोलन आठवा. त्याच्या अग्रभागी कोण होतं? शेतकरी कामगार पक्षाचे एन. डी. पाटील, भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे गोविंद पानसरे. मतपेटीत लहान असलेले पक्ष. २०१४ च्या विधानसभेत शहराच्या दोन्ही जागा गेल्या शिवसेनेला आणि भाजपला. फेब्रुवारी २०१५ मध्ये पानसरेंवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि चार दिवसांनी ते गेले. आणि तरीही टोल गेला. सरकारला तो रद्द करावा लागला, कारण शहरातली प्रत्येक गल्ली रस्त्यावर होती आणि त्या गल्ल्यांची मतं मोठ्या पक्षांना हवी होती. एनडी आणि पानसरे यांना ती मतं स्वतःच्या पेटीत घेता आली नाहीत, पण दुसऱ्यांच्या पेटीला धाक घालता आला.

नागपूर ते गोवा अशा शक्तिपीठ महामार्गाचंही तसंच. २०२४ च्या विधानसभेच्या तोंडावर कोल्हापूर जिल्ह्यापुरती भूसंपादनाची अधिसूचना मागे घेतली गेली. रस्त्याच्या आखणीतली गावं एका रेषेत होती, शेतकऱ्यांची नावं सातबाऱ्यावर होती, कुणाचं किती जाणार ते गटनंबरानिशी माहीत होतं. जिथं नुकसान सातबाऱ्यावर दिसतं तिथं चळवळीचं मत ओळखू येतं. नदीच्या पाण्याला सातबारा नाही.

आणि गणपती विसर्जन. पंचगंगा घाट आणि रंकाळ्यावरून मोठ्या मूर्ती इराणी खणीकडे वळल्या, घरगुती मूर्ती कुंडात आणि दानात जायला लागल्या. हे कुठल्याही आमदारानं केलेलं नाही. शाळाशाळांत, तालमीतालमींत जाऊन, शिव्या खाऊन, वर्षानुवर्षं समजावत बसलेल्या माणसांनी ते केलं. त्यांतल्या काहींनी निवडणुका लढवल्या असतील आणि हरल्याही असतील.

खालच्या पायरीवर

मग लढायचं कुठं? अनेकजण म्हणतात, महापालिका, जिल्हा परिषद इथून सुरुवात करा. बरोबर आहे, पण महापालिकेच्या बहुसदस्यीय प्रभागाबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. एका प्रभागात चार नगरसेवक म्हटलं की ते टास्मानियासारखं वाटतं. तसं ते अजिबात नाही. आपल्याकडे अ, ब, क, ड अशा चार वेगळ्या जागा असतात, मतदार प्रत्येक जागेसाठी वेगळं मत देतो आणि प्रत्येक जागेवर सगळ्यात जास्त मतं मिळवणारा जिंकतो. म्हणजे ४० टक्के मतं असलेलं एक पॅनेल चारही जागा घेऊन जाऊ शकतं आणि २० टक्क्यांच्या माणसाच्या हाती काहीच लागत नाही. शिवाय प्रभाग चौपट मोठा झाल्यानं एकट्या कार्यकर्त्याला घरोघरी पोचणं अवघड होतं. लहान प्रभागात ज्याला लोक नावानं ओळखतात, तो मोठ्या प्रभागात अनोळखी होतो. नदीचा विषय मांडणाऱ्याला म्हणूनच ग्रामपंचायत आणि पंचायत समिती अजून जवळची वाटते, आणि मला वाटतं ते योग्य आहे.

पद्धत बदलण्याची मागणी आपल्याकडे कुणी जोरानं करत नाही. संविधान सभेत प्रमाणशीर प्रतिनिधित्वावर चर्चा झाली होती. साक्षरता कमी आहे आणि सभागृहाची शकलं होतील, सरकारं टिकणार नाहीत, अशी कारणं देऊन डॉ. आंबेडकरांनी लोकसभेसाठी ते नाकारलं. त्या काळात ते मुद्दे वजनदार होते. साक्षरतेचा मुद्दा आज मागं पडला आहे. सरकार टिकण्याचा मुद्दा महाराष्ट्रानं गेल्या काही वर्षांत जे बघितलं त्यानंतर पुन्हा तपासायला हवा.

नुसती कल्पना करून बघा. कोल्हापूर जिल्ह्याचे दहा आमदार एकाच दहा जागांच्या मतदारसंघातून पसंतीच्या मतांनी निवडले, तर कोटा येतो अकराव्या हिश्शाचा, साधारण ९ टक्के. प्रयाग चिखली, कसबा बावडा, इचलकरंजी, तेरवाड, नृसिंहवाडी, सगळी गावं एकाच मतदारसंघात. राधानगरीचं जंगलही त्यातच. ८० किलोमीटरभर विखुरलेली मतं एका नावापुढं जमा होऊ शकतील.

आज ती पद्धत नाही. जे आहे त्यात एक गोष्ट मात्र करता येण्यासारखी आहे आणि ती अजून नीट झालेली नाही. नदीकाठच्या प्रत्येक मतदारसंघात, कुठल्याही पक्षाच्या उमेदवाराला, तेच तीन प्रश्न एकाच आठवड्यात, जाहीर सभेत विचारायचे. तुमच्या भागात रोज किती सांडपाणी तयार होतं, त्यातल्या कितीवर प्रक्रिया होते आणि उरलेलं कुठल्या नाल्यातून कुठं जातं? करवीरच्या उमेदवाराचं उत्तर शिरोळच्या सभेत वाचून दाखवायचं आणि शिरोळचा प्रश्न कोल्हापूरच्या बिंदू चौकात. हे काम करायला आमदार असावं लागत नाही, डिपॉझिटही भरावं लागत नाही. पण ज्यांनी बंधाऱ्यावर उभं राहून पंचनाम्यावर सह्या केल्यात, त्यांच्याकडे कॅनवरच्या तारखा, नाल्यांची नावं आणि नोटिशींच्या प्रती आहेत, आणि उमेदवाराला उत्तर द्यायला भाग पाडायला तेवढंच लागतं.